दारावरच्या तारखा

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी सुनेने जलकेंद्राच्या आवारातल्या नाशपातीच्या झाडाला शिडी लावली आणि सात पंचेचाळीसला ती रिकाम्या हाताने खाली उतरली. तारीख चार फेब्रुवारी, वार मंगळवार.

खाली उलट्या क्रेटवर आबा, तिचे सासरे, बसले होते. मांडीवर ओलं फडकं पसरलेलं. काड्या त्यात गुंडाळायच्या होत्या.

"काय झालं? कात्री विसरलीस?"

"कात्री खिशात आहे."

"मग?"

"कोंब आलेत, आबा. सगळीकडे."

आबांनी हात पुढे केला. सून पुन्हा वर चढली, एक काडी कापून घेऊन आली. आबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि काडी डोळ्यांशी नेली. गेल्या वर्षीची वाढ, पेन्सिलीच्या जाडीची, हवी तशी. पण टोकाचा डोळा उघडलेला होता आणि त्यातून पिवळसर हिरवं पान डोकावत होतं. त्याखालचा डोळा तसाच. त्याखालचाही. फांदीवरच्या मिटलेल्या कोंबाला या कामात डोळा म्हणतात. त्या काडीवर मिटलेला एकही नव्हता.

आबांनी काडी ओल्या फडक्यात ठेवली, मग बाहेर काढली, मग पायाशी टाकली.

कलमाचं गणित साधं आहे. झाड झोपेत असताना काडी कापायची, ओल्या फडक्यात गुंडाळून थंड जागी ठेवायची. ज्या रोपावर ती बसवायची त्याला खुंट म्हणतात. खुंट जागा होऊ लागला की काडी त्याला जोडायची. खालचं जागं आणि वरचं झोपलेलं, असं हवं. वरचं आधी जागं झालं तर सांधा जुळण्याआधीच ते अंगातलं पाणी संपवतं आणि पंधरा-वीस दिवसांत वाळून जातं. एकदा जागी झालेली काडी पुन्हा झोपवता येत नाही.

आणि पुढच्या वर्षाची वाट पाहायची सोय नव्हती. एकवीस नोव्हेंबरला, ज्या महिन्यात त्या गावात कोणी छत्री बाहेर काढत नाही, सलग चौदा तास पाऊस आणि वारा झाला. झाडाचं खोड दुभंगलं आणि अर्धं झाड क्लोरीनच्या खोलीच्या छपराकडे कललं. केंद्राने त्याला लोखंडी टेकू दिला आणि तोडायची तारीख ठरवली, सव्वीस फेब्रुवारी. तोपर्यंत काड्या घेऊन जा, असं आबांना सांगण्यात आलं होतं.

या जातीचं दुसरं झाड आबांच्या रोपवाटिकेत नव्हतं. जलकेंद्रातलं झाड होतंच, तीन किलोमीटरवर, सायकलने पंधरा मिनिटं. त्यांनी आजवर जेवढी कलमं बांधली तेवढी देऊन टाकली. गेल्या आठ वर्षांत कोणी मागितलंच नाही. फळ लहान, टणक आणि गोडीला बेताचं. गुण एकच, पण मोठा. या झाडाला पाणी घालावं लागत नाही. मधली पाच कोरडी वर्षं ते कोणी एक बादलीसुद्धा न ओतता उभं राहिलं आणि फळलं. मुळं खोल आणि पसरट, उतारावरची माती धरून ठेवणारी.

म्हणूनच केंद्राच्या अभियंता मॅडमनी ऑक्टोबरमध्ये चाळीस रोपांची मागणी केली होती. तलावाच्या वरचा उतार तीन वर्षं उघडा पडला होता. दर पावसाला तिथली माती तलावात येत होती. लावलेली दुसरी झाडं उन्हाळा काढत नव्हती. मागणी ऑक्टोबरात आली, वादळ नोव्हेंबरात.

आठच्या सुमारास पंपवाले काका पाळी संपवून बाहेर आले. हातात चहाचा थर्मास होता. बावीस वर्षं ते या केंद्रात पंप चालवत होते आणि आबांशी त्यांची रोजची थट्टा होती.

"काय आबा, आलात एकदाचे? मला वाटलं आता थेट पानं गळायला याल."

आबांनी मान वर केली नाही. "तुला दिसलं होतं हे?"

"दिसलं म्हणजे काय, रोज बघतोय. मी फोनसुद्धा केला होता."

"कधी?"

"चौदा जानेवारी. सकाळची पाळी लागली त्या दिवशी. सहा दहाला आलो, टॉर्च मारला तर टोकं फुगलेली. साडेसातला फोन केला."

"मला नाही आला तुझा फोन."

पंपवाल्या काकांनी कप भरायचं काम फार मन लावून सुरू केलं. शिडी खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या सुनेने ती खाली ठेवली.

"मी घेतला होता," ती म्हणाली. "तुम्ही आंघोळीला गेला होतात."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, काका, अजून महिना आहे. दारावर बघितलं मी."

आबांनी चहा घेतला, अर्धा प्याले, उरलेला मातीत ओतला. "चल," ते म्हणाले. सायकल सुनेने चालवली, ते मागे कॅरिअरवर.

दार म्हणजे रोपवाटिकेतल्या अवजारांच्या खोलीचं दार. आतल्या बाजूला निळ्या ऑइलपेंटने तारखा लिहिलेल्या आहेत, सत्तावीस वर्षांच्या सत्तावीस ओळी. प्रत्येक वर्षी जलकेंद्रातल्या झाडाचे डोळे ज्या दिवशी फुगायला लागले, ती तारीख. सगळ्यात लवकरची सोळा फेब्रुवारी, सगळ्यात उशिराची तीन मार्च. त्याच्या दहा-बारा दिवस आधी काड्या कापायच्या. लग्न होऊन आली तेव्हा सून या कामातलं पहिलं काही शिकली असेल तर हे दार. आबांनी तिला उभं करून वाचायला लावलं होतं. "कॅलेंडर छापणाऱ्याला काय माहीत असतं? हे झाडाने सांगितलेलं आहे."

पण सव्वीस वर्षं आबा स्वतः झाडाकडे जात होते. जानेवारीच्या मध्यापासून दर चौथ्या दिवशी सायकल काढायची, फांदी वाकवायची, नखाने डोळा दाबून बघायचा. दाराचा उपयोग फक्त लिहून ठेवायला. दोन वर्षांपूर्वी गुडघे बोलायला लागले आणि सायकल सुटली. गेल्या वर्षी जाणं सुनेकडे आलं आणि ती दारावर बघून दहा फेब्रुवारीला, तीन दिवसांनी तेराला आणि मग सतराला गेली. सतराला डोळे फुगलेले होते. दार बरोबर निघालं. या वर्षी तर ती चार तारखेला, सहा दिवस आधीच, निघाली होती.

या वर्षी थंडी आली नाही. डिसेंबरच्या एकतीस रात्रींपैकी दोनच रात्री स्वेटर लागला. दहा ते तेरा जानेवारी पंखे लावावे लागले. हे सगळ्यांना दिसत होतं, सुनेलाही. "काय ही हवा," असं तीही दुकानात चारचौघींसारखं म्हणाली होती. पण हवा वेगळी आहे म्हणजे दार चुकणार, हे तिच्या डोक्यात आलं नाही. आबांच्याही नाही. ते रोज त्या दारातून ये-जा करत होते.

दुपारी तिने जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले. वहीत या जातीची कलमं नेलेल्या लोकांचे चार नंबर होते. पहिला लागला नाही. दुसऱ्या घरात आता दुसरेच लोक राहत होते. आवारात झाड आहे का विचारल्यावर तिथल्या बाईंनी खिडकीतून बघून सांगितलं, "आवारच नाही." तिसऱ्याचं झाड रस्ता रुंद करताना गेलं. चौथा माणूस बोलका होता.

"ते दगडासारखं फळ? अहो, माझ्या गाडीच्या काचेवर पडलं. काढून टाकलं तेव्हाच. तुम्ही काच भरून देणार होता का?"

"नाही. काडी मिळाली असती तर बघत होते."

"खोड आहे बसायला. पाठवू?"

तिने वही मिटली. आबा पलीकडच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले नव्हते. पाय हलत होता.

"मॅडमना विचारून बघते," ती म्हणाली. "ऑगस्टपर्यंत झाड ठेवलं तर यंदाच्या वाढीवरचे डोळे मिळतील."

"विचार," भिंतीकडून आवाज आला. घरी आल्यापासूनचा हा पहिला शब्द होता.

अभियंता मॅडमच्या टेबलावर तीन फायली, एक फुटलेला व्हॉल्व्ह आणि डबा उघडा पडलेला होता. त्या जेवता जेवता ऐकत होत्या. पाईप फुटल्याचे दोन फोन मध्येच येऊन गेले. दोन्ही वेळा त्यांनी "अर्ध्या तासात" असं सांगितलं आणि जागच्या हलल्या नाहीत.

"ऑगस्टपर्यंत?" त्यांनी विचारलं. "अहो, तो टेकू मी मोजून दिलेला नाहीये, घाबरून दिलाय. खाली क्लोरीनच्या टाक्या आहेत. नोव्हेंबरसारखा वारा परत आला तर?"

"नोव्हेंबरसारखा वारा नोव्हेंबरात येतो का मॅडम?"

"नोव्हेंबरातसुद्धा येत नव्हता. तेच म्हणतेय मी. कधी काय येईल हे आता सांगता येत नाही. आणि क्रेन पाच तालुक्यांत मिळून एकच आहे. सव्वीस चुकली तर मला जूनमधली तारीख मिळेल."

मॅडमचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं.

"मला चाळीस हवी होती," मॅडम म्हणाल्या. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आता किती देता येतील?"

"कदाचित शून्य."

"तलावात या वर्षी हातभर गाळ चढलाय. एका वर्षात. आधी पाच वर्षांत चढायचा." त्या उठल्या, भिंतीवरच्या खिळ्याची एक किल्ली काढली आणि सुनेसमोर ठेवली. "टाकीच्या मागच्या जाळीची. तिकडून झाडाची उत्तरेकडची बाजू मिळते. बाहेरच्या माणसांना मनाई आहे तिकडे, पण तुम्ही काय बाहेरच्या. परत आणून द्या."

घरी येऊन तिने किल्ली पलंगाच्या कडेला ठेवली. आबा उठून बसले.

"टाकीच्या मागे ऊन येतं का?"

"नाही. भिंत ओली असते तिथली."

"मग आपण सकाळी कुठे बघत होतो? वर. उन्हात." त्यांनी पाय चपलेत घातले. "खाली बघायला हवं होतं. घे कात्री."

"आबा, साडेतीन वाजलेत. उद्या जाऊ."

"उद्या तेही उठेल."

टाकीची भिंत बारा महिने पाझरते. तिच्या आणि झाडाच्या मध्ये जेमतेम माणूस शिरेल एवढी फट आहे. खोडातून निघालेले काही धुमारे तिथे उन्हावाचून वाढलेले होते. आबा आत मावत नव्हते, गुडघे वाकत नव्हते. ते जाळीपाशी उभे राहून बोलत होते आणि सून चाचपडत होती.

"टोकाचं सोड. मधला डोळा बघ. नखाला टणक लागतोय?"

"टणक आहे."

"खवले मिटलेले?"

"हो. थोडा फुगलाय."

"फुगू दे. उघडला नसला म्हणजे झालं. काप."

अशा नऊ काड्या मिळाल्या. त्यानंतर आबांनी तिला जुन्या फांद्यांच्या बुंध्याशी हात घालायला सांगितलं. दरवर्षीची वाढ जिथून सुरू होते तिथे सालीवर एक कडं असतं, आणि त्या कड्यात मोहरीएवढे डोळे दबून राहतात. झाड त्यांना वापरत नाही. वरची फांदी मोडली तरच ते उठतात. ते वर्षानुवर्षं झोपलेले असतात, पाऊस असो वा पंखे लावायची वेळ येवो. साल-लाकडासकट असा एक डोळा कापून खुंटाच्या सालीत बसवण्याला डोळा भरणं म्हणतात. दबलेला डोळा भरून तो लागेल का, हे आबांनी आयुष्यात दोनदा करून बघितलं होतं. एकदा लागला होता.

त्या संध्याकाळी बावीस डोळ्यांपुरत्या जुन्या फांद्या त्यांनी आणल्या. फ्रिजमध्ये दुधाच्या वरच्या कप्प्यात ओल्या फडक्यातलं ते गाठोडं ठेवून सुनेने फ्रिजच्या दारावर चिठ्ठी चिकटवली, "खायचं नाही." तिचा नवरा लांब पल्ल्याची बस चालवतो आणि भूक लागली की फडकी उघडून बघतो.

पाच फेब्रुवारीला सकाळी नऊ ते दुपारी चार असं काम चाललं. चाकू सुनेच्या हातात. दोन वर्षांपूर्वी आबांचा हात थरथरू लागला आणि एकदा अंगठ्यात पातं गेलं, तेव्हापासून ते फक्त पट्टी बांधतात. काडीचा तिरका काप, खुंटाचा तिरका काप, दोन्हींच्या सालीखालचा हिरवा थर एकमेकांवर यावा अशी जुळणी, आणि लगेच पट्टी. डोळ्यांना वेगळी रीत. ते इतके लहान की पट्टी त्यांच्यावरूनच गुंडाळावी लागते. पांढऱ्या पट्टीच्या आत काय चाललंय ते सहा आठवडे बाहेरून दिसत नाही. आधी उघडली तर जुळत आलेला सांधा सुटतो.

बांधून झालं की पट्टीच्या खालचे खुंटाचे स्वतःचे डोळे अंगठ्याने घासून काढायचे, नाहीतर खुंटच फुटतो आणि वरच्याला उपाशी मारतो. हे घासायचं कामही आबांकडे होतं. अंगठा थरथरत होता. सून बघत होती.

एकतीस पिशव्या झाल्या. तिने ब्रशने आकडे टाकले. एक ते नऊ काड्यांच्या, दहा ते एकतीस डोळ्यांच्या. ब्रशला रंग उरला तेव्हा ती दारापाशी गेली.

"यंदाची तारीख लिहू?"

"कोणती?"

"चौदा जानेवारी."

"तू बघितलंस चौदाला?"

"काकांनी बघितलं."

"दारावर आपण बघितलेलंच लिहायचं. सत्तावीस वर्षं तसंच आहे."

"मग काय, चार फेब्रुवारी लिहू? ते खोटं होईल. त्या दिवशी पानं निघालेली होती."

आबांनी हात पुसले. बराच वेळ पुसले. "मग काही लिहू नकोस," ते म्हणाले. मग म्हणाले, "फोन मी घेतला असता ना, तरी हेच म्हटलं असतं. वर त्याला दोन शिव्या दिल्या असत्या."

"त्याने काय होतं, आबा? घेतला मी होता."

"होत काही नाही. सांगतोय एवढंच."

तिने ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवला. अठ्ठाविसाव्या ओळीची जागा रिकामी राहिली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पारा चौतीसवर गेला. एरवी एप्रिलमध्ये जातो. सून दिवसातून तीनदा पिशव्यांवर ओली गोणपाटं टाकत होती. नऊपैकी पाच काड्यांचे डोळे उघडले. शेजारीण बघून म्हणाली, "लागली की गं." सुनेला माहीत होतं की हे लागणं नाही, ती काडी स्वतःच्याच अंगावर जगते आहे. तिने "हं" म्हटलं.

सतरा तारखेला सोमवारी दुपारी चारला वारा फिरला. साडेपाचला पंपवाल्या काकांचा फोन आला. या वेळी त्यांनी आबांनाच द्यायला सांगितलं.

"आबा, आमच्या यंत्रावर नऊ आहे आणि उतरतंय. पहाटेपर्यंत दोनवर जाईल म्हणतात. मी बोललो हं. लिहून ठेवा, मी बोललो."

"लिहिलं," आबा म्हणाले आणि फोन ठेवून उठले. "सूनबाई, पिशव्या आत घे."

अंधार पडायच्या आत एकतीस पिशव्या घरात आल्या. स्वयंपाकघरात नऊ, बाकीच्या आतल्या खोलीत, अकरा पलंगावर आणि अकरा खाली. नवरा साडेसातला चार दिवसांच्या फेरीवरून आला आणि उंबऱ्यात थांबला.

"मी झोपायचं कुठे?"

"बसमध्ये," सून म्हणाली.

"बस डेपोत आहे."

"मग आबांच्या खोलीत. आणि तो हीटर लावू नकोस, गरम झालं तर हे उठतील."

"म्हणजे मी थंडीत, आणि हेही थंडीत."

"त्यांना दोनच्या खाली नको. तुला चालतं."

त्याने पलंगावरच्या एका पिशवीकडे बघितलं. वितीएवढी काळपट काठी, मध्ये पांढरी पट्टी, वर काही नाही. "ही जिवंत आहेत?"

"माहीत नाही," ती म्हणाली. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे डोळे मिटत होते.

पहाटे बाहेर दोन अंश होतं, आत सात. रोपवाटिकेतली बाहेर राहिलेली सगळी रोपं, ज्यांना गेल्या आठवड्याच्या उन्हाने पालवी फुटली होती, सकाळी उकडल्यासारखी लोंबत होती. आबांनी ती मोजली नाहीत. एकोणीस तारखेला पारा पुन्हा तीसवर होता आणि पिशव्या पुन्हा बाहेर.

चोवीस तारखेपर्यंत काड्यांचे पाचही कोंब मान टाकून बसले. एक मार्चला सुनेने नऊच्या नऊ काड्या नखाने खरवडून बघितल्या. सगळ्या आतून तपकिरी होत्या. डोळ्यांच्या पिशव्यांचं उघडून बघता येत नाही, पण आतला तुकडा वाळला की आक्रसतो आणि पट्टी सैल पडते. तोपर्यंत तेरा पट्ट्या सैल पडलेल्या होत्या.

त्याआधी, सव्वीस फेब्रुवारीला, ठरल्या वेळी क्रेन आली. सकाळी दहा ते पावणेबारा एवढ्यात झाड उतरवलं. पंपवाल्या काकांनी नंतर आबांना सांगितलं की ते फुलांवर होतं. आबा गेले नाहीत. सून गेली, कारण किल्ली परत द्यायची होती. मॅडम आवारातच हेल्मेट घालून उभ्या होत्या.

"काही आशा?" त्यांनी विचारलं.

"डोळ्यांच्या नऊ पट्ट्या घट्ट आहेत. परवापर्यंत अकरा होत्या."

मॅडमनी किल्ली घेतली. "एक जरी लागलं तर?"

"एकाची चाळीस व्हायला चार-पाच वर्षं."

"तोवर गाळ काढत बसते," मॅडम म्हणाल्या आणि क्रेनवाल्याला हात करून बाजूला झाल्या.

दोन मार्चला, रविवारी, आबांनी पंपवाल्या काकांना घरी बोलावून घेतलं. काकांना वाटलं जेवायला. आबांनी त्यांना अवजारांच्या खोलीत नेलं आणि हातात ब्रश दिला.

"ज्याने बघितलं त्याने लिहायचं."

"माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे."

"पंपाच्या वहीत लिहितोस ना? तसंच लिही."

काकांनी तसंच लिहिलं. वरच्या सत्तावीस ओळी आबांच्या गोल वळणाच्या, नुसत्या तारखा. अठ्ठाविसावी तिरकी, रंग ओघळलेला: १४/१, वेळ ०६.१०, टोके फुगलेली, फोन केला.

"शेवटचं कशाला लिहिलंस?" आबांनी विचारलं.

"वहीत तसंच लिहायचं असतं. काय केलं ते."

सून दारापाशी उभी होती. तिने ओळ वाचली आणि चहा ठेवायला आत गेली.

दहा मार्चला सकाळी चार पट्ट्या घट्ट होत्या. दहा, सतरा, बावीस आणि तीस. पाणी घालताना सुनेला सतरा नंबरच्या पट्टीच्या खालच्या कडेतून एक टोक बाहेर आलेलं दिसलं. हिरवं, तांदळाच्या दाण्याएवढं. तिने आबांना हाक मारली. ते आले, क्रेट ओढून बसले, चष्मा वर केला.

"वरच्याचं आहे की खालच्याचं?" तिने विचारलं.

भरलेला डोळा पट्टीच्या आत आहे. खुंटाचा एक डोळा बरोबर त्याच जागी, कडेला लागून, आबांनी अंगठ्याने घासून काढलेला होता. नीट निघाला असेल तर हे टोक जुन्या झाडाचं आहे. थोडा जरी आत राहिला असेल तर ते खुंटाचं आहे आणि कापून टाकावं लागेल. पट्टी एकोणीस मार्चच्या आत सोडता येत नाही. त्याआधी कळायची एकच खूण, पान. खुंटाच्या पानाची कड करवतीसारखी असते, जुन्या झाडाच्या पानाची सरळ.

आबांनी आपला अंगठा बघितला, मग टोक. "त्याला घासलं होतं मी," ते म्हणाले.

"हो. बघत होते मी."

"नीट घासलं होतं?"

"मला तिथून दिसलं नाही, आबा," ती म्हणाली. ते खरं होतं.

संध्याकाळी तिने पिशवी सावलीत, खिडकीच्या आतल्या बाजूला ठेवली. मंगळवारी, अकरा मार्चला, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी तिने ती पुन्हा बघितली. टोक गव्हाच्या दाण्याएवढं झालं होतं. पान उलगडलेलं नव्हतं.